बसलेली गाडी खोटं बोलत नाही

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकवाल्यांचे दोन वाद कधीही मिटत नाहीत. एक म्हणजे कोणत्या कंपनीच्या ट्रकची चासी जास्त लवते, आणि दुसरा म्हणजे जड ट्रेलर जोडला की ट्रक मागून बसतो त्यावर उपाय काय. दोन्ही वादांत लोक अगदी तावातावाने बोलतात, आणि माझं स्पष्ट मत असं आहे की दोन्ही वादांत खरा मुद्दा बाजूलाच राहतो. चासी लवणं हा काही गुन्हा नव्हे. आणि ट्रक बसणं हे लक्षण आहे, रोग वेगळाच आहे. पण लक्षण झाकून देण्याचा धंदा मात्र जोरात चालू आहे!

मी शिकलो मेकॅनिकल आणि करतो आयटी (म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या इंजिनिअरांसारखाच), त्यामुळे या विषयात बोटं घालायची खाज जात नाही. तेव्हा या शनिवारी कोड बाजूला, आणि थोडं लोखंडाबद्दल.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. इथे पिकअप म्हणजे आपल्याकडचा मालवाहू टेम्पो नव्हे. पाच माणसं आरामात बसतील अशी एसी केबिन, लेदरच्या सीट्स, आणि मागे उघडा हौदा. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेतली सगळ्यात जास्त खपणारी पिकअप आहे, यावरून या गाड्यांचं वेड लक्षात यावं. आणि या गाड्यांच्या मागे लोक काय काय जोडतात! बोटी, घोड्यांचे डबे, गवत कापायच्या यंत्रांचे ट्रेलर, आणि स्वयंपाकघर-संडास-बिछान्यासकट अख्खं चाकांवरचं घर. उन्हाळ्यातल्या लाँग वीकेंडला टेक्सासमधल्या कुठल्याही हायवेवर जा, दर दोन मिनिटांनी एक वरात दिसेल. त्यातले काही ट्रक असे दिसतात की नाक आकाशाकडे आणि बूड रस्त्याला टेकायला आलेलं.

आता हे होतं कशामुळे ते पाहू. गणित आठवीच्या तरफेचं आहे, घाबरू नका.

समजा ट्रेलर ४,५०० किलोचा आहे. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यातून ट्रकच्या हुकावर येतं, आणि ते यायलाच हवं (का, ते पुढे सांगतो). आपण १२ टक्के धरू. म्हणजे ५४० किलो. आता हा हूक ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर नसतो, त्याच्या मागे साधारण १.३ मीटरवर असतो. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर धरा ३.७ मीटर. मागचा ॲक्सल झाला तरफेचा टेकू. हुकावर ५४० किलो खाली दाबले की पुढच्या चाकांवरचं ५४० गुणिले १.३ भागिले ३.७, म्हणजे जवळजवळ १९० किलो वजन उचललं जातं. आणि ते कुठे जातं? मागच्या ॲक्सलवर. म्हणजे हुकावर ठेवले ५४०, पण मागच्या ॲक्सलवर आले ७३०.

सगळे लोक त्या ७३० किलोंकडे बघतात, कारण ते दिसतात. कमानपाटे सपाट होतात, हौदा खाली येतो. पण मला विचाराल तर खरी गोष्ट त्या न दिसणाऱ्या १९० किलोंची आहे. रिकाम्या ट्रकचं वजन अडीच हजार किलो धरलं तर त्यातलं साधारण १,४०० ते १,४५० किलो पुढच्या चाकांवर असतं. त्यातले १९० गेले म्हणजे तेराएक टक्के वजन गेलं. गाडी वळते पुढच्या चाकांच्या पकडीवर. ब्रेक दाबल्यावर सगळ्यात जास्त काम करतात तीही पुढचीच चाकं. आणि आपण नेमकं त्यांच्याच पायाखालची जमीन काढून घेतो, तेही साडेचार हजार किलोचं धूड पाठीला बांधून! आपल्याकडे उसाच्या सीझनमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांनी दोन ट्रॉल्या ओढताना चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली बघितली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की ट्रॅक्टर जातो ताशी वीस किलोमीटरने आणि हा ट्रक ताशी एकशे दहाने.

गंमत बघा. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पोरांमध्ये मध्यंतरी एक फॅशन होती, तिचं नाव 'कॅरोलिना स्क्वॉट'. ट्रकचं नाक मुद्दाम उंच करायचं आणि मागची बाजू खाली ठेवायची, निव्वळ स्टाइल म्हणून. त्यात ड्रायव्हरला समोरचा रस्ता धड दिसत नाही आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. नॉर्थ कॅरोलिनाने डिसेंबर २०२१ पासून त्यावर बंदी आणली, व्हर्जिनियाने २०२२ मध्ये, साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये. छान केलं. पण हाच कोन जड ट्रेलरमुळे आला, तर मात्र तो 'कामाचा ट्रक'! स्टाइलसाठी बसलेल्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर निदान त्याचं वजन तरी असतं. ट्रेलरने बसवलेल्याच्या चाकांवर तेही नसतं. कायदा दिसण्यावर झाला, वजनाचा विचार राहूनच गेला.

आता चासीकडे येऊ. पिकअपची चासी म्हणजे आडवी ठेवलेली शिडी. दोन लांब दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. वाद हा की हे लांब दांडे उघडे, म्हणजे इंग्रजी 'सी' च्या आकाराचे असावेत की चारही बाजूंनी बंद, चौकोनी नळीसारखे. बंदवाले म्हणतात उघडी चासी चिखलातल्या शेवयांसारखी लवते. उघडेवाले म्हणतात लवते म्हणूनच तुटत नाही.

गंमत म्हणून आकडे घालून बघा. १५० मिलिमीटर उंच, ७५ रुंद आणि ५ मिलिमीटर जाड पत्र्याचा दांडा घेतला, तर पिळाविरुद्ध बंद नळी ही उघड्या 'सी' पेक्षा साधारण ४५० पट ताठ निघते. हो, साडेचारशे पट! (एकट्या दांड्याचा हिशोब आहे हा. आडव्या पट्ट्या जोडल्यावर अख्ख्या चासीत एवढा फरक उरत नाही.) आता तेच दोन दांडे उभ्या वाकण्याविरुद्ध तपासा. फरक किती? बंद नळी फक्त पाव पट जास्त ताठ.

माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल या दोन आकड्यांत आहे. चासी पिळली जाते कधी? एक चाक खड्ड्यात आणि तिरकं समोरचं चाक उंचवट्यावर असेल तेव्हा. शेतात, ओढ्यात, खराब रस्त्यावर. हायवेवर सरळ जाताना ट्रेलरचं वजन चासीला पिळत नाही, वाकवतं. आणि वाकण्याच्या परीक्षेत दोघे जवळजवळ शेजारी शेजारी आहेत, बाकी सगळं दांड्याच्या उंचीवर, जाडीवर आणि पोलादाच्या प्रतीवर ठरतं. म्हणजे खडबडीत रस्त्यावर हौदा आणि केबिन वेगवेगळे नाचताना दाखवायचे आणि म्हणायचं, 'बघा, हा ट्रक ओढायला कच्चा', हे म्हणजे पोहण्याच्या परीक्षेचे मार्क सायकलच्या शर्यतीला लावण्यासारखं झालं.

उदाहरण टोयोटा टुंड्राचं. २००७ ते २०२१ च्या टुंड्राची चासी पुढे बंद आणि हौद्याखाली उघडी होती. फोर्डने खडबडीत चाचणी-रस्त्यावर आपला ट्रक आणि टुंड्रा पळवून हौद्याचा नाच दाखवणारी जाहिरात केली. बघायला भयंकर वाटायचं. तरीही ती टुंड्रा पंधरा वर्षं विकली गेली, आणि लोकांनी तिच्यामागे भरपूर ट्रेलर ओढले. २०२२ मध्ये टोयोटानेही पूर्ण बंद चासी आणली, आणि माझ्या मते बरंच केलं. ताठ चासीवर सस्पेन्शन बसवणं सोपं जातं, दारं-हौदा कमी खडखडतात, गाडी नेमकी वळते. पण हे आरामाचे आणि हाताळणीचे फायदे आहेत. आपल्या मुंबई-पुणे हायवेवर रात्रभर धावणारे दहा-सोळा चाकी ट्रक बघा, किंवा इथले अवजड ट्रक बघा, त्यांचे दांडे उघडे 'सी' चेच असतात. चासी पिळून जाऊ देणं हा तिथे हिशोबाचा भाग आहे.

मग चासी खरोखर वाकते आणि मोडते कुठे? बहुधा केबिन संपते आणि हौदा सुरू होतो त्या फटीच्या आसपास. कारण मागे लोंबणाऱ्या वजनाचा वाकवणारा जोर मागच्या कमानपाट्याच्या पुढच्या टोकापाशी सर्वात जास्त साचतो, आणि ते टोक साधारण तिथेच असतं. त्यात वेगात एखादा पुलाचा सांधा किंवा खड्डा लागला की हाच जोर क्षणभर कितीतरी वाढतो. म्हणजे दांडा उघडा की बंद यापेक्षा वजन किती आणि कुठे लोंबतंय हा प्रश्न मोठा.

आणि इथेच तो 'उपाय' येतो, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

ट्रक बसतोय? मग कमानपाट्याजवळ हवेच्या पिशव्या बसवा! काही शे डॉलरचं किट, शनिवारची एक दुपार, आणि हवा भरली की ट्रक पुन्हा ताठ. फोटो काढा, मित्रांना दाखवा. आमच्या ओळखीतला एक जण मला अगदी अभिमानाने म्हणाला, "बघ, आता चार हजार किलो जोडलेत, पण गाडी एक इंचसुद्धा खाली गेली नाही." मी विचारलं, "आणि पुढच्या चाकांवरचं वजन?" तर म्हणाला, "ते कशाला बघायचं? गाडी लेव्हल आहे की."

हेच ते. हवेच्या पिशवीने मागची बाजू वर उचलली जाते, पण वर केलेलं गणित पुन्हा बघा. त्यात गाडीची उंची कुठेच नाही! वजन, १.३ मीटर आणि ३.७ मीटर, बस्स. पिशवीत कितीही हवा भरा, पुढच्या चाकांवरून गेलेले १९० किलो परत येत नाहीत. हेडलाइट खाली येतात, हे मान्य. सस्पेन्शन तळाला आपटत नाही, हेही मान्य. पण स्टिअरिंग तेवढंच हलकं राहतं, पुढचे ब्रेक तेवढेच पोकळ राहतात. वर आणखी एक भानगड. कमानपाटा चासीवरचा भार आपल्या दोन टोकांना वाटून देतो, आणि चासी त्या हिशोबाने बनवलेली असते. पिशवी त्यातला मोठा हिस्सा ॲक्सलच्या वर एकाच जागी ढकलते. म्हणजे ज्या दांड्याच्या ताठपणावरून लोक भांडतात, त्यालाच नव्या जागी कोपरखळी.

सॉफ्टवेअरवाल्यांना एका वाक्यात सांगतो. ही हवेची पिशवी म्हणजे रिकामा कॅच ब्लॉक आहे. एरर आली, पकडली, गिळली, लॉगमध्ये काही नाही, डॅशबोर्ड हिरवागार. सिस्टिम ठीक आहे का? कुणास ठाऊक! कळायचा जो एक मार्ग होता तोच आपण बंद केला.

याहून वाईट उपाय म्हणजे ट्रेलरमधलं सामान मागे सरकवणं. हुकावरचं वजन कमी, ट्रक बसत नाही, सगळे खूश. पण ते १० ते १५ टक्के वजन हुकावर का हवं असतं, तर त्यामुळे ट्रेलर ट्रकच्या मागे सरळ चालतो. ट्रेलरचा गुरुत्वमध्य मागे गेला की एका ठरावीक वेगानंतर तो शेपटीसारखा हलायला लागतो, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होत जातो. शेवटी शेपूट कुत्र्याला हलवते. उलटलेल्या कॅम्परचे व्हिडिओ पाहिले असतील तर त्यातले बरेच असेच सुरू होतात.

मग खरा उपाय काय? तो आहे, आणि जुना आहे. वजन वाटून देणारा हिच. त्यात हुकापासून ट्रेलरच्या दांड्याखालून दोन स्प्रिंगच्या सळ्या जातात, त्या साखळीने किंवा कंसाने ताणून बसवतात. हातगाडीचे दांडे मागून वर उचलावेत तसा त्या ट्रकला मागून वर उचलू बघतात. त्यामुळे मागच्या ॲक्सलवरचं काही वजन पुढच्या चाकांवर परत जातं आणि काही ट्रेलरच्या चाकांवर. इथे १९० किलोंतले बरेचसे खरोखर परत येतात. पण इथेही अति करून चालत नाही. सळ्या जास्त ताणल्या की मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडी फिरू शकते. म्हणून ट्रकच्या पुस्तकात पुढचं वजन किती परत आणायचं ते लिहिलेलं असतं. वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

आता कंपन्यांबद्दल. त्यांना मी सोडणार नाही.

जाहिरातीत आकडा एकच असतो, ओढण्याचा. 'अकरा हजार पौंड ओढतो!' हा आकडा हवेतला नाही, हे कबूल करायला हवं. २००८ मध्ये त्यासाठी एसएई जे-२८०७ हे मानक आलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते पाळलं आणि बाकीच्या मोठ्या कंपन्या २०१५ च्या आसपास आल्या. त्याआधी तर ज्याचा त्याचा आकडा होता. पण या मानकात ट्रकमध्ये बसलेत दोघे, प्रत्येकी १५० पौंडांचे. म्हणजे ६८-६८ किलो. टेक्सासमधल्या ट्रकमध्ये ६८ किलोचा ड्रायव्हर तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? :)

आणि दाराच्या खांबावर एक छोटं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. लेदर सीट आणि सनरूफवाल्या चार दारी ट्रकला हा आकडा १,५०० पौंड असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आता अकरा हजारांचा ट्रेलर जोडा. १२ टक्के म्हणजे १,३२० पौंड हुकावर. ते याच १,५०० मधून वजा होतात. उरले १८०. वजन वाटणारा हिच स्वतःच ८०-१०० पौंडांचा असतो. उरले ८०-१००. यात बसवा आता ड्रायव्हर, बायको, दोन पोरं, कुत्रा आणि बर्फाची पेटी! हिच थोडं वजन ट्रेलरकडे परत ढकलतो हे खरं, पण त्याने चार माणसं बसण्याइतकी जागा होत नाही. म्हणजे जाहिरातीतला आकडा आणि स्टिकरवरचा आकडा, दोन्ही एकाच कंपनीचे, आणि एक पाळला तर दुसरा मोडतो. मोठ्या अक्षरातला विकायला आणि बारीक अक्षरातला कोर्टात दाखवायला.

आकड्यांची शर्यत मात्र थांबत नाही. फोर्डचा २००८ चा एफ-४५० पिकअप २४ हजार पौंडांच्या वर ओढतो म्हणून केवढं कौतुक होतं. २०२३ च्या सुपर ड्यूटीपासून तो आकडा ४०,००० पौंडांवर गेला, म्हणजे १८ टन! इंजिनं वाढली, चासी ताठ झाली, ब्रेक मोठे झाले. चालवणारा तोच राहिला. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००० पौंडांपर्यंत साधं लायसन्स चालतं. छोट्या सेडानमध्ये पार्किंग करून दाखवलं की झालं. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं १०,००० पौंडांवरच्या ट्रेलरला वेगळी परीक्षा मागतात, पण तो अपवाद.

यावर नेहमीचं उत्तर येतं, 'आमच्या आजोबांनी याच्या निम्म्या ताकदीच्या ट्रकने हेच ओढलं, काही झालं नाही.' खरं आहे. पण आजोबांचा ट्रक चढावर धापा टाकायचा, मागून बसायचा, स्टिअरिंग हातात थरथरायचं. गाडीच आजोबांना सांगत होती की हळू चल. आजचा ट्रक काही सांगत नाही. काही मॉडेल्सना तर कारखान्यातूनच हवेचं सस्पेन्शन येतं, जे आपोआप गाडी सरळ करतं. आत केबिन शांत, गाणी चालू, वेग ताशी ७५ मैल. पुढची चाकं हलकी झाली आहेत हे कळणार कधी, तर पावसात अचानक वळावं लागलं तेव्हा. आणि त्या वेळी शेजारच्या लेनमध्ये एखाद्या छोट्या कोरोलात कुणीतरी असेल, ज्याने या वादात कधी भागच घेतला नव्हता. आपल्यासारखे बरेच जण त्या कोरोलातच असतात.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. २०२१ च्या एफ-१५० मध्ये फोर्डने वजनकाटा दिला. हौद्यात किंवा हुकावर किती वजन आलं ते पडद्यावर दिसतं. आणि ते मोजतात कसं? सस्पेन्शन किती खाली बसलं ते सेन्सरने बघून! म्हणजे ज्या बसण्याची लोकांना लाज वाटते, तेच इंजिनिअरांनी मोजमाप म्हणून वापरलं. याला म्हणतात डोकं.

तर माझी मागणी साधी आहे. जाहिरातीत ओढण्याच्या आकड्याशेजारी त्याच अक्षरात स्टिकरचा आकडा छापा. गाडी आपोआप सरळ करणार असाल तर पुढच्या चाकांवर किती वजन उरलं ते ड्रायव्हरला दाखवा. चार-साडेचार टनांवरच्या ट्रेलरसाठी अर्ध्या दिवसाची का होईना, पण वेगळी परीक्षा घ्या. आणि ट्रकवाल्यांनी हे सगळं होईपर्यंत थांबायची गरज नाही. हायवेवरच्या बहुतेक मोठ्या ट्रक-स्टॉपवर काटा असतो, पंधरा-वीस डॉलरमध्ये प्रत्येक ॲक्सलचं वेगळं वजन कागदावर मिळतं. एकदा ट्रेलरसकट, एकदा ट्रेलरशिवाय. दोन कागद शेजारी ठेवले की पुढच्या चाकांचं काय झालं ते समजतं. हवेच्या पिशव्यांच्या किटपेक्षा कितीतरी स्वस्त!

ज्यांना पिशव्या लावायच्याच आहेत त्यांनी खुशाल लावाव्यात. फक्त आधी काट्यावर जावं, मग हवा भरावी. गाडी बसते तेव्हा ती तक्रार करत असते. तक्रार ऐकून मग तिला उभं करा, तिचं तोंड दाबून नको.